यादीत नाव आलंय, पण पोराला वाचता येत नाही

आदरणीय बाई,

मी सांगलीची. वय ३८, महसूल खात्यात अव्वल कारकून. कचेरी शेजारच्या तालुक्यात, त्यामुळे रोज एसटीनं जाऊन-येऊन. सकाळी साडेआठला घर सोडते ते संध्याकाळी साडेसातला उंबऱ्यात. पूर, निवडणूक, पंचनामे असले की घड्याळ बघायचंच नाही. महसूल अर्हता परीक्षा दोन वर्षांपूर्वी पास झाले, पहाटे चारला उठून अभ्यास करून. आता नायब तहसीलदाराच्या पदोन्नतीच्या तात्पुरत्या यादीत माझं नाव आलंय. नेमणूक पुणे विभागात कुठंही होऊ शकते. सोलापूरकडं जावं लागेल असं सगळे म्हणतात.

मुलगा दहा वर्षांचा, पाचवीला, सेमीत. तोंडी विचारा, सगळं येतं. वही उघडली की संपलं. वाचताना अडखळतो, पुढचा शब्द अंदाजानं ठोकून देतो. वर्गबाईंचा शेरा दर महिन्याला तोच: 'लक्ष देत नाही, घरी सराव घ्यावा.' मी रात्री साडेआठला त्याला घेऊन बसते. अर्ध्या तासात माझा आवाज चढतो. मागच्या आठवड्यात मी त्याला पट्टीनं मारलं. तो रडला नाही. म्हणाला, 'मी ढच आहे, आई. तू दमू नको.' त्या रात्री मला झोप लागली नाही.

सासूबाई म्हणतात, आई दिवसभर बाहेर, मग पोर असंच होणार. जाऊबाई घरी असतात, त्यांची मुलगी शिष्यवृत्तीला बसतेय. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. त्यांचं म्हणणं, 'मला तरी पाचवीपर्यंत कुठं धड वाचता येत होतं? नाही का चाललं माझं?' पोरगं सुट्टीत त्यांच्याबरोबर यार्डात जातं आणि हळकुंड मोडून राजापुरी की सेलम ते सांगतं. पण त्यानं शाळा पार पडणार आहे का?

पदोन्नती नाकारू का? मैत्रीण म्हणते वेडी आहेस, माझी आई म्हणते लेकरू आधी. त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवतेय.

एक आई, सांगली

•

ताई,

आधी ते पान. मी ते मोठं करून तीनदा बघितलं, कारण तीस-बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत असली पानं माझ्या हाताखालून गेली आणि त्यातली बहुतेक मी नुसतीच तांबडी करून परत दिली.

शुद्धलेखन दहा ओळींचं. 'कोयना धरण'चं 'कोयना घरण' झालंय. 'भात'चं 'मात'. 'सूर्य'चं 'सुरय'. 'पिकतात'मधली वेलांटी एक घर सोडून पुढं जाऊन बसलीय. चौथ्या ओळीत एक अख्खा शब्द गळालाय. आणि 'हळद' हा शब्द पानावर चार वेळा आलाय, चारही वेळा बिनचूक.

निष्काळजी मुलगा कुठंही चुकतो. हा ठरावीक जागी चुकतोय. ध आणि घ, भ आणि म यांच्यात फरक केवढा? डोक्यावरच्या एका गाठीचा. ऱ्हस्व वेलांटी म्हणायची अक्षरानंतर आणि काढायची अक्षराच्या आधी. रफाराची तर आणखी तऱ्हा. 'सूर्य' म्हणताना र आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र तो पुढच्या य च्या डोक्यावर जाऊन बसतो. आपल्याला हे लहानपणीच अंगवळणी पडलं म्हणून त्यातला खोडसाळपणा जाणवत नाही. तुमच्या मुलानं 'सुरय' लिहिलं, म्हणजे कानाला जे ज्या क्रमानं ऐकू आलं ते त्याच क्रमानं उतरवलं. कान चोख आहे, चूकसुद्धा विचार करून केलेली आहे.

मग 'हळद' कशी काय बरोबर येते? माझा अंदाज असा की तो शब्द त्यानं अक्षरं जुळवून वाचलेलाच नाही. पोत्यावर, हिशेबाच्या पट्टीवर, अडतीच्या पाटीवर रोज बघून चित्रासारखा डोक्यात ठेवलाय. बाकीच्या शब्दांचंही तो तेच करायला बघतो. पहिलं अक्षर धरतो आणि पुढचं ठोकून देतो. पहिली-दुसरीत हे खपून जातं, कारण धड्यात शब्द मोजकेच असतात. चौथी-पाचवीत परिसर अभ्यास, इतिहास असे पानंच्या पानं मजकूर समोर आले की चित्रांचा साठा पुरत नाही. तोंडी हुशार आणि वहीत भोपळा अशी मुलं नेमकी याच वयात उघडी पडतात.

मी डॉक्टर नाही, आणि एका पानावरून निदान कुणीही करू नये. पण वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, म्हणजे ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात, तिची रीतसर तपासणी करून घ्या असं म्हणण्याइतकं या पानावर नक्की आहे.

आणि तुमच्या पत्रातही आहे, फक्त तुम्ही ते मिस्टरांची तक्रार म्हणून लिहिलंय. 'मला तरी पाचवीपर्यंत कुठं धड वाचता येत होतं?' अहो, सगळ्या पत्रातली कामाची ओळ ही आहे! वाचनाची ही अडचण घराण्यात उतरते. बापाला, मामाला, आत्याला असेल तर मुलाला असण्याची शक्यता वाढते. आईच्या नोकरीचा तिच्याशी संबंध नाही. दिवसभर घरात बसून पोराच्या मागं मागं फिरणाऱ्या आयांच्या मुलांनाही ती असते, मी त्यांना शिकवलेलं आहे. म्हणजे सासूबाईंच्या आरोपाचं उत्तर सासूबाईंच्याच पोटी जन्मलंय. (हे त्यांना ऐकवायचा मोह तुम्हाला होईल. आवरा. पुढं त्यांची मदत लागणार आहे.)

तुम्ही काय केलंय, ताई, तर दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून ठेवलीय. पोराला वाचता येत नाही, ही एक. मला बढती घ्यायची आहे, ही दुसरी. दोन्ही एकाच वर्षी समोर आल्या, म्हणून दुसरीमुळे पहिली झाली असं वाटायला लागलं. आता तुम्ही पदोन्नती नाकारलीत असं धरू. उद्यापासून साडेसातला घरी, साडेआठला वही, नऊला पट्टी. त्याच्या 'घरण'चं 'धरण' यातून कसं होणार? डोळ्यांना नंबर असलेल्या मुलाला चष्म्याऐवजी आईचं प्रेम जास्त दिलं तर फळ्यावरचं दिसायला लागतं का? त्याला हवीय ती मदत वेगळ्या जातीची आहे. ती काय आहे हे आधी कळू दे, बढतीचं नंतर बघू.

डोळ्यांवरून आठवलं. सुरुवात तिथूनच करा. डोळे आणि कान, दोन्ही नीट तपासून घ्या. हसू नका. 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेला आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा लागलेला मुलगा प्रत्येक शिक्षकाला एक तरी भेटलेला असतो. आणखी एक शंका मनातून काढून टाकायला हवी. तुमच्या मुलाची सुरुवातीची वर्षं कोरोनाच्या काळातली. अक्षर गिरवायच्या वयात हातात मोबाईल होता, शाळा कधी उघडी कधी बंद. त्या वर्षांतल्या कितीतरी मुलांचा पाया कच्चा राहिला. तो नुसता कच्चा पाया असेल तर नेटानं शिकवल्यावर मूल भराभर वर येतं. अध्ययन अक्षमता असेल तर वाट वेगळी आणि लांबची. हा फरक तुम्हाला किंवा मला ओळखता येणार नाही, तपासणारा ओळखतो.

तपासणी करतो चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीनं गेलात तर उत्तम. बुद्ध्यांक वेगळा काढतात, वाचन-लेखन-गणित वेगळं तपासतात. एका बैठकीत होत नाही, दोन-तीन खेपा धरून चाला. दोन्हींत मोठी तफावत निघाली, म्हणजे डोकं चालतंय पण अक्षर चालत नाही असं दिसलं, की मग निदानाकडं जातात. एक अट तुम्ही घाला. चाचणी मराठीत व्हायला हवी. मराठी घरातल्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला देऊन काढलेला निष्कर्ष मी तरी मानणार नाही. सांगली-मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही, मिरजेला तर शंभर वर्षांहून जास्त काळ कर्नाटकातून लोक उपचाराला येतात. खाजगीत जाण्याआधी सिव्हिलमध्ये चौकशी करा. शाळेकडूनही विचारा, कारण समग्र शिक्षाखाली समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात आणि पुष्कळ मुख्याध्यापकांना त्यांची आठवण पालकानं विचारल्यावरच होते.

कागदाचं सांगते, तुम्ही कागदातल्याच माणूस आहात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं, म्हणजे तुमचा मुलगा बसतो. त्यावर पुढं परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण आपल्याकडं काय होतं, नववी संपता संपता पालकांना जाग येते आणि दहावीच्या सवलतीसाठी धावाधाव सुरू होते. प्रमाणपत्र म्हणजे उपचार नाही. दहाव्या वर्षी शिकवायला सुरुवात केली तर कदाचित पंधराव्या वर्षी त्या सवलती कमी लागतील. 'दिव्यांग' शब्दाला घरचे बिचकतील, तेव्हा प्रमाणपत्र सध्या बाजूला ठेवलंत तरी चालेल. तपासणी मात्र टाळू नका.

आता शिकवायचं कुणी.

तुम्ही नाही.

वाईट वाटून घेऊ नका. अकरा तास बाहेर राहून, एसटीत उभं राहून, सातबाऱ्याच्या तक्रारी ऐकून आलेली बाई रात्री साडेआठला जगातली सगळ्यात वाईट शिक्षिका असते. मी पेशानं शिक्षिका होते आणि माझ्या स्वतःच्या मुलीला शिकवताना पाच मिनिटांत माझं डोकं फिरायचं. अशा मुलाला शिकवायची एक ठरलेली पद्धत असते, उपचारात्मक अध्यापन म्हणतात तिला. अक्षर आणि आवाज यांची जोडी पुन्हा पहिल्यापासून बसवायची, ठरलेल्या क्रमानं, डोळा-कान-हात तिन्ही वापरून. रव्यात बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना मोठ्यानं म्हणायचं. ध आणि घ एका दिवशी शिकवायचेच नाहीत. एक पक्का झाला की काही आठवड्यांनी दुसरा. आठवड्यातून दोन-तीन वेळा ते जाणणाऱ्या शिक्षकाकडं, आणि रोज घरी वीस मिनिटं सराव. फळ महिन्यात दिसत नाही, वर्षात दिसतं. औषधाची गोळी यावर नाही. गोळी, मेंदूला चालना देणारे वर्ग, डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवणारे, तीन महिन्यांत हमखास गुण देणारे, हे सगळे तुमच्यासारख्या रात्री झोप न लागलेल्या आईकडं बघूनच फी ठरवत असतात. त्यांच्या दारात पाय ठेवू नका.

त्या रोजच्या वीस मिनिटांना बसायचं तुमच्या मिस्टरांनी.

तुमच्या पत्रात ते दोन-तीन ओळींत येऊन जातात, तुम्ही, सासूबाई आणि जाऊबाई मिळून बाकीचं पत्र भरलंय. पण या घरात वाचता न येणं म्हणजे काय, हे आतून माहीत असलेला माणूस एकच आहे. आणि तो आज हिशेबाच्या वह्या सांभाळतोय! म्हणजे त्यानं कुठून तरी, काहीतरी युक्ती करून वाट काढली. कशी काढली, हे त्यांनी कुणाला सांगितलंय का? बहुतेक नाही. पुरुष 'नाही का चाललं माझं' म्हणतात आणि विषय मिटवतात. त्या वाक्यामागं पाचवीतला एक मुलगा उभा आहे, ज्याला वर्गात उभं करून वाचायला लावलं होतं. त्यांना एकदा निवांत विचारा. मग म्हणा, हे मला नको, पोराला सांगा.

व्यवहाराचंही जमतं. हळदीचा हंगाम जोरात असतो तेव्हा, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळाभर, त्यांना घरी यायला उशीर होणार हे उघड आहे. उरलेले महिने संध्याकाळी सहा-साडेसहाला माणूस मोकळा असतो. जेवणाआधी वीस मिनिटं, घड्याळ लावून, एकविसावं मिनिट नाही. हंगामात ते काम सासूबाईंकडं द्या. त्या शिकवणार नाहीत, फक्त समोर बसून नातवाकडून वाचून घेतील. चष्मा सापडत नाही म्हणून पोथी वाचून दाखव म्हणाल्या तर आणखी बरं.

तुम्ही काय करायचं? वाचून दाखवा. झोपताना दहा मिनिटं, त्याला आवडेल ते, अगदी क्रिकेटचं पानसुद्धा. ओळीखाली बोट फिरवत. मध्येच 'हा शब्द काय, सांग बघू' असं एकदाही विचारायचं नाही. पुस्तकाचं आणि आईचं वैर संपायला हवं, एवढाच त्याचा उपयोग. तो कमी नाही.

पट्टीबद्दल. तुम्ही लिहिलंत म्हणून मीही सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझ्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरचं उतरवायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागायचा. मी त्याला दर चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावायची, मधली सुट्टी काढून. तो तसाच चुकीचा शब्द वीस वेळा लिहून आणायचा आणि मला वाटायचं, मुद्दाम करतोय. कितीतरी वर्षांनी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर एक धिप्पाड माणूस पाया पडायला वाकला. मोटारींचं वायरिंग करतो म्हणाला, चांगलं चाललंय. हातात पाससाठीचा फॉर्म होता. तो माझ्यापुढं धरून हसत म्हणाला, 'बाई, एवढं तुम्हीच भरा. माझं अक्षर तुम्हाला माहिती आहेच.' मी तिथं बाकावर बसून त्याच्या मुलीचा फॉर्म भरला. नाव, पत्ता, शाळा. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तुमचं पट्टीचं एकदाच झालंय आणि तुम्हाला झोप लागली नाही. आज रात्री त्याला जवळ घेऊन माफी मागा. मोठ्यांनी लहानांची मागितलेली माफी मुलं फार जपून ठेवतात. आणि त्या 'ढ'चं काहीतरी करा. आपल्या भाषेची गंमत बघा, ज्याला अक्षर येत नाही त्याला शिवी द्यायला आपण एक अक्षरच निवडलं. म्हणे ब्राह्मी लिपीपासून ढ चं वळण बदललंच नाही, म्हणून न सुधारणारा तो ढ. त्याला हे सांगा. म्हणावं, हे अक्षर हजारो वर्षं टिकलंय, चिवट आहे. हसेल तो. मग नीट सांगा की तुझं डोकं चांगलं आहे, अक्षरं ओळखायच्या कामात त्याला वेगळ्या रस्त्यानं जावं लागतं, आणि तो रस्ता दाखवणारी माणसं असतात. तपासणीला नेताना 'डॉक्टरकडं चल' म्हणून फसवून नेऊ नका. सुई नाही, परीक्षा नाही, कोडी आणि वाचन असतं, एवढं आधी सांगितलं की पुरे.

हळकुंडाचं मात्र जपून. तो मोडून राजापुरी-सेलम ओळखतो हे मला फार आवडलं. बोटांत आणि डोळ्यांत पारख आहे, अडतीवर चार वर्षं घालवलेल्यालाही ती सहज येत नाही. पण 'डिस्लेक्सिया असलेली मुलं थोर शास्त्रज्ञ होतात' अशी जी चित्रं मोबाईलवर फिरतात, ती बघून त्याच्यावर नवं ओझं टाकू नका. आधी ढ म्हणायचं, मग थोर हो म्हणायचं, मधे त्याला नुसतं दहा वर्षांचं राहू द्या. हळद त्याला आवडते, म्हणून सरावाला तिचा उपयोग करा. हिशेबाच्या पट्टीवरचे शब्द, वाणांची नावं, शेतकऱ्यांच्या गावांची नावं. तासगाव, जत, कवठेमहांकाळ. 'कवठेमहांकाळ' ज्याला वाचता आलं त्याला काहीही वाचता येईल.

शाळेत दोघांनी जायचं. एकटी आई गेली की शेरा बदलत नाही, हा माझा मास्तरकीतला अनुभव आहे आणि तो माझ्याही बाजूनं लाजिरवाणा आहे. हातात तपासणीचा अहवाल असू दे, आवाजात भांडण नको. मागणं थोडं आणि नेमकं ठेवा. न सांगता वर्गापुढं उभं करून वाचायला लावू नये. परिसर अभ्यासाच्या पेपरात उत्तर बरोबर असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत. फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्याची सक्ती नको. चिडवाचिडवी, शिक्षा असं काही चाललं असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, हे माहीत असू द्या. पहिल्या भेटीत काढू नका. पाचवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आहे आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षेची संधी असते, म्हणून हे बोलणं मार्चवर ढकलू नका.

उरली तुमची बढती. माझं मत स्पष्ट आहे: घ्या.

पहाटे चारला उठून केलेला अभ्यास तुमच्या पत्रात एका ओळीत आलाय आणि पोराचं दुःख तीन परिच्छेदांत. तुम्ही स्वतःच ती ओळ लहान करून लिहिलीत. मी मुख्याध्यापकपद सोडलं होतं, मुलीच्या दहावीसाठी. तिनं मागितलं नव्हतं. पुढं कितीतरी वर्षं तिचे गुण कमी पडले, ती उशिरा आली, फोन केला नाही, की मी ते सोडलेलं पद बाहेर काढायची. मुद्दल मी दिलं आणि व्याज तिच्याकडून वसूल करत बसले. ज्या मुलाला आधीच 'तू दमू नको' म्हणावंसं वाटतंय, त्याच्या डोक्यावर आईची गेलेली नायब तहसीलदारकी कशाला ठेवता? चौदाव्या वर्षी त्याला ते नक्की कळेल.

पण घ्या म्हणजे डोळे मिटून घ्या असं नाही. तात्पुरती यादी आणि हातात आदेश यांच्यात किती दिवस जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेवढ्यात डोळे, कान, चाचणी, शिक्षक आणि मिस्टरांची वीस मिनिटं, एवढं बसवून टाका. पसंती विचारली तर मुलाचा अहवाल जोडून सांगली-कोल्हापूर-सातारा लेखी मागा. मिळेलच असं नाही, न मागता तर नाहीच. नकार दिला तर ज्येष्ठतेवर आणि पुढच्या लाभांवर काय होतं, ते कचेरीतल्या चहाच्या टपरीवर ऐकू नका, शासन निर्णय काढून वाचा. दुसऱ्यांच्या अर्जाला नियम शोधून देता, एकदा स्वतःच्या अर्जाला शोधा. आणि बालसंगोपन रजा. राज्य सरकारनं २०१८ मध्ये ती दिली, पूर्ण सेवेत १८० दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. मागाल तेव्हा मिळेलच असं नाही, मंजुरी लागते. पण तपासणीच्या खेपांना आणि शिकवणीची घडी बसेपर्यंतच्या आठवड्यांना ती वापरा, दहावीसाठी साठवून ठेवू नका. (पुरुषाला ही रजा बायको नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच. आपल्या सरकारचं आणि तुमच्या सासूबाईंचं याबाबतीत एकमत आहे.)

समजा सोलापूरकडं जावंच लागलं. पाच दिवसांचा आठवडा आहे. शुक्रवारी रात्री निघालात तर शनिवार-रविवार तुमचे, रोज रात्री फोनवर दहा मिनिटं वाचून दाखवणं तुमचं. आज तुम्ही रोज घरी येता आणि त्याला तुमचा दिवसाचा शेवटचा, सगळ्यात थकलेला तास मिळतो. तेव्हा त्याचं फार मोठं नुकसान होईल असं मला वाटत नाही. तुम्हाला मात्र जड जाईल, पहिले दोन-तीन महिने फार. सोमवारी पहाटे अंधारात स्टँडवर उभं राहाल आणि माझ्या नावानं बोटं मोडाल.

एका परिस्थितीत मी माझा सल्ला मागं घेईन. रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखतंय, खाणं सुटलंय, खेळायला जात नाही, किंवा 'मी नसलो तर बरं' अशा अर्थाचं काही तो बोलला, तर यादी-बिदी सगळं ठेवा बाजूला, मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या आणि त्याच आठवड्यात रजा टाका. रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. 'तू दमू नको' हे वाक्य मला तिथपर्यंतचं वाटत नाही. तो अजून तुमची काळजी करतोय. पण समोर तुम्ही आहात, मी नाही.

दिवाळीनंतर पुन्हा लिहा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा, चाचणीत काय निघालं ते कळवा. आणि पाचवीत असताना वर्गात वाचायला उभं केलं की मिस्टर काय युक्ती करायचे, तेही विचारून ठेवा. मला खरंच ऐकायचंय.

तुमची,
बाई